मुलांच्या पार्टीसाठी 'भूत कुल्फी' : थोड्या भांडवलाचा हंगामी धंदा

शाळांना सुट्या लागल्या की मुलांच्या पार्ट्या सुरू होतात. आता आमच्या धामणगाव रेल्वेसारख्या गावातली मुलेही ३१ ऑक्टोबरच्या 'हॅलोविन'चे नाव घेतात आणि भुताच्या आकाराचे आइस्क्रीम मागतात. मागणी आहे तिथे तिजारत आहे. ज्यांना भुताचे सोंग पसंत नाही त्यांनी हीच कुल्फी साधी ठेवून ईद-मिलनला द्यावी.

यासाठी मशीन लागत नाही. मटका, पत्र्याचे झाकणाचे साचे, बर्फ आणि जाडे मीठ एवढे पुरे. दोन लिटर म्हशीचे दूध मंद आचेवर आटवून एक लिटरवर आणावे. साखर दीडशे ग्रॅमच्या आसपास ठेवावी. गोडी वाढवण्याच्या नादात साखर जास्त झाली तर कुल्फी घट्ट बसत नाही. मिश्रण पूर्ण थंड झाल्यावरच साच्यात भरावे. ६० मिलीच्या साच्यात १६ नग निघतात.

तीन भाग ठेचलेला बर्फ, एक भाग मीठ, वजनाने. बर्फ एकटा शून्य अंशावर थांबतो. मीठ पडले की तो वितळू लागतो, वितळताना आजूबाजूची उष्णता ओढतो आणि पारा शून्याच्या बराच खाली जातो. मिठाने गाठता येणारी हद्द उणे २१ अंश. झाकणाच्या कडेला कणीक लावून साचा बंद करावा, नाहीतर खारे पाणी आत शिरून सगळा घाणा वाया जातो. कुल्फी हा शब्दच 'कुफ्ल' म्हणजे कुलूप यावरून आला. मराठीतले कुलूपही त्याच घरचे. कारखान्याचा बर्फ साच्याबाहेरच राहू द्यावा. अखाद्य बर्फाला निळी छटा देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला, तो याचसाठी.

निमुळत्या साच्यातून निघालेली पांढरी कुल्फी चादर ओढलेल्या भुतासारखी दिसतेच. रबडीचा थेंब लावून काळ्या मनुकांचे दोन डोळे चिकटवावेत. बाजारच्या जेलीचे डोळे लावायचे तर डब्यावर जिलेटिन आहे का ते वाचावे. ते कोणत्या जनावराचे हे कळत नाही. चायना ग्रासची जेली समुद्री शेवाळाची असते, तिथे हलाल-हरामचा सवाल उरत नाही.

'रक्ता'साठी बीट किंवा डाळिंबाचा रस आटवून घ्यावा. इथे कापडाचा व्यापारी म्हणून एक गोष्ट जोर देऊन सांगतो. रोडामाइन-बी हा भडक गुलाबी रंग आमच्या धंद्यातला, कापड रंगवण्याचा. स्वस्त पडतो म्हणून लोक तो खाण्यात घालतात. २०२४ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूने याच रंगापायी 'बुढ्ढी के बाल'च्या विक्रीवर बंदी घातली, आणि मार्चमध्ये कर्नाटकनेही खाद्यपदार्थांत हा रंग वापरण्यास मनाई केली. पुडीवर खाद्यरंग असे छापलेले नसेल तर ती दुकानातच सोडावी.

दुसरी मागणी येईल धुराची. ग्राहक म्हणेल, ड्राय आइस टाका, भूत धुरातून निघू द्या. याला साफ नकार द्यावा, ऑर्डर गेली तरी बेहत्तर. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. त्याचा खडा तोंडात गेला तर जीभ, घसा जळतो. बंद डब्यात ठेवला तर डबा फुटतो. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात जेवणानंतर मुखशुद्धी समजून तो खाल्ल्याने पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. ती तर मोठी माणसे होती.

भाव ठरवताना दूध-साखरेइतकाच बर्फ, मीठ, गॅस आणि फुटलेल्या नगांचा हिशेब धरावा. नवखे लोक इथेच बुडतात. १६ पैकी १४ नगच विकले जातील असे मानून दर काढावा. अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी आधी करून घ्यावी. निम्मी रक्कम बयाणा घ्यावी आणि माल पार्टीच्या वेळेलाच पोहोचवावा, कारण यजमानाच्या फ्रिजमध्ये जागा कधीच नसते.