कॅग : देशाचा हिशेब तपासणारं पद आणि त्यावरची माणसं



नागरिकशास्त्रात 'कॅग' आला की मुलं पाठ करतात : कलम १४८, कार्यकाळ ६ वर्षे. परीक्षेत एक गुण मिळतो आणि विषय संपतो. पण राज्यघटनेने हे पद एवढं जपलंय का, हे मुलांना कळायला हवं. त्यासाठी थोडा इतिहास सांगू या.

सुरुवात
१८५८ मध्ये कंपनीचा कारभार ब्रिटिश सरकारकडे गेला. १६ नोव्हेंबर १८६० रोजी सर एडमंड ड्रमंड पहिले महालेखापरीक्षक झाले. (म्हणूनच २०२१ पासून १६ नोव्हेंबरला 'लेखापरीक्षण दिवस' साजरा होतो.) मात्र तेव्हा हिशेब लंडनला द्यायचा असे, कर भरणाऱ्या इथल्या रयतेला नाही.

स्वातंत्र्यानंतर
१९४८ मध्ये व्ही. नरहरी राव हे या पदावरचे पहिले भारतीय झाले. १९४९ मध्ये संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी या अधिकाऱ्याचं काम न्यायव्यवस्थेपेक्षाही महत्त्वाचं मानलं होतं. कारण साधं आहे. संसद पैसा मंजूर करते, सरकार खर्च करतं. पण तो ठरल्याप्रमाणे खर्च झाला का, हे तिसऱ्यानेच पाहायला हवं.

हा तिसरा माणूस दबावाखाली येऊ नये म्हणून घटनेत या तरतुदी आहेत :
* पदावरून काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसारखीच प्रक्रिया.
* कार्यालयाचा खर्च थेट संचित निधीतून.
* निवृत्तीनंतर सरकारी पद नाही.

दोन गाजलेले अहवाल
टी. एन. चतुर्वेदी (१९८४–९०) यांच्या काळात, १९८९ मध्ये, बोफोर्स तोफांच्या खरेदीवरचा अहवाल आला आणि लोकसभेतल्या विरोधी खासदारांनी मोठ्या संख्येने राजीनामे दिले. विनोद राय (२००८–१३) यांच्या काळात, २०१० मध्ये, टू-जी अहवालाने १.७६ लाख कोटी रुपयांच्या संभाव्य तोट्याचा अंदाज मांडला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. पण २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने त्या खटल्यातल्या सर्व आरोपींना निर्दोष सोडलं.

हे दोन्ही निकाल मुलांना सांगाच. कॅगचा अहवाल म्हणजे गुन्ह्याचा निकाल नव्हे. कॅग शिक्षा करत नाही, फक्त प्रश्न समोर ठेवतो. पुढे लोकलेखा समिती आणि विधिमंडळाने तो धसास लावायचा असतो.

वर्गात काय करता येईल?
सहलीची वर्गणी जमली, असं समजा. एक गट खर्च करेल, एक गट हिशेब तपासेल. मग विचारा : तपासणारे कोणी निवडायचे? खर्च करणाऱ्यांनीच निवडले तर चालेल का?

इथे एखादं चुणचुणीत पोर नक्की म्हणेल, "सर, कॅगची नेमणूक तर सरकारच्याच सल्ल्याने राष्ट्रपती करतात ना?" त्याला गप्प बसवू नका. घटनेतली संरक्षणं नेमणुकीनंतर सुरू होतात, निवड मात्र सरकारच्या हाती राहते. यावर मुलांना दोन्ही बाजूंनी बोलू द्या. राज्याचे अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात येतात आणि कॅगच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. एखाद्या अहवालातलं आपल्या जिल्ह्याबद्दलचं एक पान वर्गात नक्की वाचून दाखवा.