आषाढात ढिंगरीचे बेड, श्रावणात वाशीची गाडी

हापूसचा हंगाम आवरला की वाशीच्या एपीएमसी मार्केटमधल्या फळबाजारात पेट्यांतून निघालेला भाताचा पेंढा उरतो. आंब्याला धक्का लागू नये म्हणून कोकणातून आलेला हा पेंढा पहिल्या पावसात भिजतो आणि कुजू लागतो. तो कुजवणाऱ्या बुरश्यांची काही भावंडे माणसाच्या ताटातही येतात. ढिंगरी अळिंबी मूळची जंगलातली, मेलेल्या खोडांवर वाढणारी. लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन पचवण्याची ताकद फार थोड्या जीवांत असते आणि ढिंगरीत ती आहे. म्हणून पेंढ्यावर ती सहज पोसते. पनवेल, पेण, कर्जत, मुरबाडच्या भात उत्पादकाकडे हा कच्चा माल घरचाच असतो आणि वाशीचा बाजार एका रात्रीच्या वाटेवर.

पावसाळ्यात किनारपट्टीवर तापमान साधारण 24 ते 30 अंश राहते आणि हवेतला ओलावा 80 टक्क्यांच्या वर. ढिंगरीला हेच मानवते. बेड, म्हणजे पेंढा आणि बियाण्याने भरलेली पिशवी, भरल्यापासून पहिली तोडणी 22 ते 25 दिवसांत मिळते. आषाढी एकादशीच्या सुमारास भरलेले बेड श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात तोडणीला येतात. तेव्हा अनेक घरांत मांसाहार बंद असतो आणि भाज्यांची मागणी चढती असते. सगळे बेड एकाच दिवशी भरू नयेत. दर आठवड्याला थोडे भरले तर गणपतीपर्यंत माल चालू राहतो. रोज थोडा पण खात्रीचा माल आणणाऱ्याला गिऱ्हाईक धरून ठेवते.

पेंढा मात्र गेल्या हंगामातला, उडवीत किंवा माळ्यावर कोरडा राहिलेला, सोनेरी रंगाचा हवा. एकदा भिजून काळवंडलेला पेंढा कितीही उकळला तरी दगा देतो. बाजारातला पॅकिंगचा पेंढाही फुकट मिळतो म्हणून आणू नये. त्यावर आधीच इतर बुरश्यांनी घर केलेले असते. चांगल्या पेंढ्याचे 3 ते 5 सेंटिमीटर तुकडे करून पोत्यात भरावेत, 10 ते 12 तास थंड पाण्यात भिजवावेत आणि मग 80 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवावेत. फॉर्मेलिन व बुरशीनाशकाच्या द्रावणाची पद्धतही प्रचलित आहे, पण फॉर्मेलिनची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला घातक आहे. खाण्याच्या पिकासाठी गरम पाणी हीच पद्धत धरावी. सरपणाचा खर्च होतो, तो करावा. निथळलेला पेंढा मुठीत घट्ट दाबला तर तळहात ओला व्हावा, थेंब पडू नये.

बियाणे, म्हणजे स्पॉन, ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या 2 टक्के पुरते: 10 किलो ओल्या पेंढ्याला 200 ग्रॅम. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प आहे; तिथे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी चौकशी करून मागणी नोंदवावी. बियाण्याच्या पिशवीत हिरवा किंवा काळा ठिपका दिसला तर ती परत करावी. बेडच्या प्लास्टिक पिशव्या पेंढ्याचे थरावर थर देऊन भराव्यात, बियाणे कडेकडेने पेरावे, वीसेक भोके पाडावीत आणि अंधाऱ्या खोलीत 15 ते 20 दिवस ठेवाव्यात. पेंढा पांढऱ्या धाग्यांनी गच्च बांधला गेला की प्लास्टिक काढावे आणि हवा खेळू द्यावी. दांडे लांब आणि टोप्या बारीक येत असतील तर हवा कमी पडते आहे, असे समजावे. टोप्या पिवळट, चिकट झाल्या तर पाणी जास्त झाले. जुलैच्या झडीत दिवसातून एकदाच हलकी फवारणी, कधी तीही नको.

या दिवसांतला मोठा शत्रू हिरवी बुरशी, ट्रायकोडर्मा. शेतकऱ्याला हे नाव परके नाही: बियाण्याच्या प्रक्रियेला, कंदकुज रोखायला तीच वापरली जाते. शेतात ती पिकाची राखण करते, कारण दुसऱ्या बुरश्यांवर ती तुटून पडते. ढिंगरीही बुरशीच. हळदीला किंवा भाजीला ट्रायकोडर्मा देऊन त्याच हातांनी, त्याच कपड्यांनी शेडमध्ये शिरू नये. हिरवा डाग पडलेला बेड त्याच दिवशी बाहेर काढून लांब पुरावा. माश्यांसाठी खिडक्यांना बारीक जाळी आणि पिवळे चिकट सापळे पुरेत. अळिंबीवर कीटकनाशक कधीही मारू नये.

एक धोका उत्पादकाच्या स्वतःच्या छातीला आहे. टोपीची कड वर वळली की ढिंगरी बीजाणूंचा धूर सोडते आणि बंद शेडमध्ये रोज तो आत गेला की काहींना कोरडा खोकला, ताप, दम लागणे सुरू होते. तोडणी कड वळण्याआधी, तोंडाला मास्क लावून आणि आधी दारे उघडून करावी. घरातल्या बायका बहुधा हे काम करतात. त्यांचा खोकला पावसाळी म्हणून सोडून देऊ नये.

याच काळात रानातून अळंबी येते आणि ती बाजारात नेण्याचा मोह होतो. वारुळावरची अळंबी चवीला अप्रतिम, भावही चढा. पण तिची शेती माणसाला अजून साधलेली नाही. ती वाळवीला साधली, तीही सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी. वाळवी पालापाचोळा, काटक्या खाऊन जमिनीखाली त्याच्या पोळ्या रचते, त्यांवर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढवते आणि तिच्यावर जगते. पाऊस झाला की त्या पोळ्यांतून लांब मुळासारखा दांडा काढत अळंबी वर येते. नव्या वाळवी-वसाहतींपैकी बहुतेकींना ही बुरशी बाहेरच्या बीजाणूंतूनच मिळवावी लागते. माणसे मात्र कळी न उघडलेली अळंबी शोधतात, कारण तिलाच भाव असतो. एका जागेवरची प्रत्येक कळी उपटली, वर वारूळही खणले, तर बीजाणू सुटतच नाहीत. गोव्यात नंदकुमार कामत यांच्यासारख्या कवकशास्त्रज्ञांनी या अळंबीच्या बेसुमार तोडणीबद्दल वारंवार सावध केले आहे. सह्याद्रीतला पाचोळा मातीत मिसळणे, वाळलेले खोड मऊ होणे, त्यातले अन्न पुन्हा झाडाला मिळणे, हे सारे कवकांच्या भरवशावर चालते. भीमाशंकरच्या रानात पावसाळी रात्री उजळणारी ओली लाकडेही त्यांचेच काम. घरच्यापुरती अळंबी काढणाऱ्या आदिवासी कुटुंबांचा हक्क आणि जाण दोन्ही जुनी आहेत; तिथेही काही टोप्या पूर्ण उघडू द्याव्यात. वाशीला क्रेट भरून पाठवायची ती पेंढ्यावरचीच असावी.

ओळख नसलेली रानअळंबी विकणे तर जिवाशी खेळ आहे. चांदीचे नाणे काळे पडते, लसूण रंग बदलतो, किडीने खाल्लेली ती सुरक्षित, या साऱ्या खुणा खोट्या आहेत. हिरवळीवर उगवणारी हिरव्या बीजाणूंची पांढरी छत्री काही तासांत उलट्या-जुलाब घडवते. सहा तासांहून उशिरा सुरू होणाऱ्या उलट्या अधिक गंभीर, कारण यकृताला इजा करणारी विषे उशिरा लक्षणे दाखवतात. अशा वेळी खाल्लेल्या अळंबीचा तुकडा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

वाशीला माल नेताना तोडणी संध्याकाळी करावी, त्याआधी पाणी मारू नये आणि ढिंगरी धुवू नये. दांड्याचा पेंढा कापून 200 ग्रॅमच्या भोके असलेल्या पाकिटांत भरावी आणि पाकिटे उथळ क्रेटमध्ये ठेवावीत. त्यांवर कोबीची पोती आली तर पहाटे गाळ्यावर लगदाच उतरतो. थंड जागी ढिंगरी तीन-चार दिवस टिकते, उघड्यावर जेमतेम एक. गाडी निघण्याआधी आडत्याशी फोनवर बोलून किती माल खपेल ते विचारावे. 2016 साली राज्याने फळे-भाजीपाला नियमनमुक्त केल्यापासून नवी मुंबईतल्या सोसायट्यांना आणि हॉटेलांना थेट विकायलाही आडकाठी नाही. पाकिटावर रोग बरे करण्याचे दावे छापू नयेत; ढिंगरीत चांगली प्रथिने आहेत, तंतू आहेत, चरबी नगण्य आहे आणि ती नीट शिजवून खावी, एवढे पुरे. उरलेला माल ड्रायरमध्ये 45 ते 50 अंशांवर वाळवावा. 10 किलोचा साधारण 1 किलो होतो.

दोन-तीन तोडण्यांनंतर बेडचा पेंढा शेडपासून लांब नेऊन शेणात मिसळावा. तो अर्धा पचलेला असल्याने खत लवकर तयार होते आणि दिवाळीनंतरच्या वाल-चवळीला देता येते. त्याच सुमारास झोडणी उरकली की पुढच्या आषाढासाठी लागणारा पेंढा आधी बाजूला काढून कोरड्या माळ्यावर चढवावा, उरलेला गुरांना.