महागडा आइसबॉक्स घ्यावा का? साल्हेरच्या पायथ्याशी मिळालेलं उत्तर

उन्हाळा लागला की नाशिकच्या भटक्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. जाड भिंतींचा, रबरी पट्टीच्या झाकणाचा परदेशी आइसबॉक्स घ्यावा का? माझं उत्तर आधीच सांगते. एका रात्रीच्या भटकंतीसाठी मुळीच घेऊ नका. गाडीजवळ दोन-तीन रात्री मुक्काम, सोबत मोठा गट आणि वर्षभरात अशा बऱ्याच सहली, असं गणित असेल तरच पैसे घाला. एप्रिलमधल्या साल्हेरच्या सहलीने माझं हे मत पक्कं केलं.

वाट थोडक्यात: नाशिक, सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर, साल्हेरवाडी. तिथून गडाची वाट मळलेली आहे. उंची १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. शिवाजी महाराजांनी तो १६७१ मध्ये घेतला. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांच्या फौजांनी मोगलांना इथे उघड्या मैदानात हरवलं आणि मराठ्यांचे सरदार सूर्याजी काकडे इथेच पडले. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत महाराष्ट्रातल्या ११ किल्ल्यांमध्ये साल्हेरचंही नाव लागलं. त्या सन्मानाला शोभेल असं वागणं आता आपल्या हातात आहे.

आमच्याकडे दोन पेट्या होत्या. एक मित्राची, ४५ लिटरच्या आसपासची परदेशी. दुसरी मासळीवाले वापरतात तसली थर्माकोलची, निम्म्याहून लहान. मोठीत सकाळी घरून आणलेल्या साध्या पाण्याच्या बाटल्या, सरबतं आणि वाटेत घेतलेला बर्फाचा चुरा होता. लहानीत फ्रीजरमध्ये दोन रात्री गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि त्यांच्या मध्ये ताकाच्या पिशव्या ठासून भरल्या होत्या.

मोठी पेटी रिकामी असतानाच दहा किलोच्या घरात जाते. भरल्यावर ती उचलायला दोघं लागतात, म्हणून ती गाडीतच राहिली आणि गाडी दिवसभर उन्हात. लहान पेटी आम्ही जिथे जेवण सांगितलं होतं त्या घरी नेली. तिथल्या मावशी म्हणाल्या, "इथं मागच्या ओट्यावर ठेवा, ताई. ऊन येत नाही." वरून त्यांनी ओलं गोणपाट टाकलं आणि येता-जाता त्यावर पाणी शिंपडत राहिल्या. आम्ही गड चढलो, रात्री गंगासागर तलावाजवळच्या गुहेत राहिलो, सकाळी परशुराम मंदिर करून शेजारच्या सालोटा किल्ल्याकडे वळलो. उतरायला दुपार झाली.

उतरताना गटातल्या एकीला ऊन लागलं. चक्कर, मळमळ, डोकं ठणकत होतं. शुद्धीवर होती, बोलत होती, पण पावलं अडखळत होती. दोघांनी आधार देऊन तिला साल्हेरवाडीत आणलं, ओट्यावर पाय उंच करून झोपवलं. गाडीतली पेटी उघडली तर आत नुसतं पाणी, तेही कोमट. थर्माकोलच्या पेटीतल्या बाटल्यांमध्ये मात्र अजून बर्फाचे गोळे होते आणि ताक चांगलं गार होतं. बाटल्या ओल्या पंचात गुंडाळून मानेला आणि काखेत धरल्या, अंगावर पाणी शिंपडून वारा घातला, मीठ घातलेलं ताक घोटाघोटाने दिलं. अर्ध्या-पाऊण तासात ती उठून बसली. (उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागलं किंवा शुद्ध हरपू लागली, तर तोंडाने काही देऊ नका. अंग गार करत थेट दवाखाना गाठा.)

महागडी पेटी वाईट होती का? अजिबात नाही. अशा पेट्यांचं कवच एकसंध असतं आणि आत पॉलियुरेथेनचा फेस भरलेला असतो. २००६ मध्ये टेक्ससात सुरू झालेल्या यती कंपनीने त्यांची चलती केली. आमच्यातली पेटी त्या कंपनीची नव्हती, बांधणी तीच. दोन इंच पॉलियुरेथेनमधून आत शिरणारी उष्णता ही इंचभर थर्माकोलमधून शिरणाऱ्या उष्णतेच्या साधारण एक-तृतीयांश असते. हा फरक खरा आहे. पण कोणतीही पेटी गारवा तयार करत नाही, ती बाहेरची उष्णता फक्त उशिरा आत येऊ देते. आपण आतच उष्णता भरली तर भिंत काय करणार? ३५ अंशांचं १० लिटर पाणी ५ अंशांवर आणायला पावणेचार किलो बर्फ वितळतो. मोठ्या पेटीतला बहुतेक बर्फ बाटल्या गार करण्यातच संपला, उरलेला तापलेल्या गाडीने खाल्ला.

आणि ओल्या गोणपाटाचं बळ कमी समजू नका. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सुमारे सातपट एक लिटर पाणी वाळताना घेऊन जातं. नाशिक-बागलाणच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं. पावसाळ्यात याचा उपयोग नाही. १८३४ मध्ये अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने मुंबईत आला, तोही लाकडाच्या भुशात बांधून. स्वस्त वस्तू नीट वापरली की बर्फ किती टिकतो, याचा तो जुना पुरावा.

म्हणून पेटी कोणतीही असो, एवढं करा:

आत जाणारी प्रत्येक वस्तू आदल्या रात्री फ्रीजमध्ये गार करा. रिकामी पेटीसुद्धा बर्फाच्या दोन बाटल्या घालून थंड करून घ्या.

चुऱ्याऐवजी गोठवलेल्या बाटल्या वापरा. मोठा गोळा हळू वितळतो, वितळलेलं पाणी पिता येतं, खाणं भिजत नाही. बाटली काठोकाठ भरू नका, फुटते.

बाजारातली बर्फाची लादी बाटल्यांबाहेरच्या गारव्यापुरती. ती खाण्याची नसते, सरबतात टाकू नका.

मोकळी जागा टॉवेलने भरा. झाकण सारखं उघडू नका, त्यासाठी प्यायचं पाणी वेगळं ठेवा.

पेटी बंद गाडीत सोडू नका. सावली, जमिनीपासून थोडी उंच आणि वर ओलं गोणपाट.

कुणाचं इन्सुलिन असेल तर ते बर्फाला चिकटू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

गडावर पेटी न्यायचीच नाही. बाटलीला ओलं सुती फडकं गुंडाळून सॅकला बाहेर अडकवा, चालताना वाऱ्याने पाणी गार राहतं.

आता थर्माकोलबद्दल. ते फुटतं, त्याचे दाणे उडतात आणि कुजत नाहीत. २०१८ च्या राज्याच्या बंदीने एकदा वापरून फेकायच्या थर्माकोलच्या ताट-वाट्या बंद झाल्या, तरी गुहांमध्ये त्या अजून सापडतात, दारूच्या बाटल्यांच्या शेजारी. माझ्या मते आपला आणि दुसऱ्याचाही कचरा खाली आणतो तोच खरा ट्रेकर, मग त्याच्या पायात कसलेही बूट असोत. थर्माकोलची पेटी फुटण्याआधी कापडी खोळ शिवून घ्या, किंवा थोडे जास्त पैसे देऊन देशी प्लास्टिकची फेस भरलेली पेटी घ्या. ती वर्षानुवर्षं टिकते.

परदेशी पेटीची किंमत अमेरिकेतच तीनशे डॉलरच्या आसपास आहे, इथे येईपर्यंत त्यावर वाहतूक आणि आयात शुल्क चढतं. तो खर्च करण्याआधी एक चाचणी घ्या. घरातली पेटी वर सांगितल्याप्रमाणे भरा, शनिवारी सकाळी गच्चीच्या सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा, रविवारी दुपारी उघडा. बर्फ शिल्लक असेल तर ते पैसे पायथ्याच्या गावात चार जास्तीची जेवणं सांगण्यात घाला. नसेल, तरच दुकानात जा.