राजपुत्राचा तुरा : वाळवंटातील रानफुलाची ओळख

वाळवंट म्हणजे वनस्पतिहीन प्रदेश, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील मोजावे वाळवंट व कोलोरॅडोचे पठार येथे आढळणारी एक वनस्पती ही समजूत खोटी ठरविते. ‘स्टॅन्लेया पिनाटा’ हे तिचे शास्त्रीय नाव. ‘राजपुत्राचा तुरा’ अशा अर्थाच्या नावाने ती तेथे ओळखली जाते. ती मोहरीच्या कुलातील असून त्या भूमीची मूळ रहिवासी आहे.

ओळखण्याच्या खुणा

हे बहुवर्षायू झुडूप सुमारे दीड मीटरपर्यंत वाढते. बुंधा काष्ठमय, पाने निळसर हिरवी व खालची पाने पिसासारखी विभागलेली असतात. पिवळ्या फुलांचा लांब तुरा खालून वर उमलत जातो. फुलात मोहरीप्रमाणेच चार पाकळ्या व सहा पुंकेसर असतात. मात्र मोहरीत चार पुंकेसर लांब व दोन आखूड असतात, तर येथे सहाही जवळजवळ सारख्या लांबीचे असून फुलाबाहेर डोकावतात. शेंगा बारीक, लांब व स्वतंत्र देठावर लोंबणाऱ्या असतात.

या वेगळेपणामुळे तज्ज्ञांचीही फसगत झाली. फ्रेडरिक पर्श या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1814 च्या सुमारास तिची गणना क्लिओम, म्हणजे आपल्याकडील तिळवणीच्या प्रजातीत केली होती. थॉमस नटॉल याने 1818 मध्ये तिच्यासाठी स्टॅन्लेया ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. केवळ एका लक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हा धडा यातून मिळतो.

त्याच वाळवंटात बाहेरून आलेली सहारा मोहरी झपाट्याने पसरली आहे. ती एकवर्षायू असून तिची मोठी पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात. फुले लहान व फिकट पिवळी असतात. तण म्हणून ती उपटताना मूळच्या वनस्पतीचा बळी जाऊ नये, यासाठी हा भेद माहीत असणे अगत्याचे आहे.

जमिनीची साक्षीदार

ही वनस्पती जमिनीतील सेलेनियम मोठ्या प्रमाणात शोषून साठविते. त्या भागातील गुरांचे केस झडत, खूर विकृत होत. खारे पाणी हे त्याचे कारण मानले जाई. 1930 नंतरच्या दशकात झालेल्या संशोधनाने खरे कारण चाऱ्यातील सेलेनियम असल्याचे दाखविले. पुढे युरेनियमच्या साठ्यांजवळ सेलेनियम असते, हे ध्यानात घेऊन कोलोरॅडोच्या पठारावर खनिजशोधासाठीही अशा वनस्पतींची मदत घेण्यात आली. तेथील आदिवासी तिची कोवळी पाने पाणी बदलून पुनःपुन्हा उकळूनच खात असत, ही गोष्टही बोधप्रद आहे.

भारतातही पंजाबमधील होशियारपूर व शहीद भगतसिंग नगर जिल्ह्यांच्या काही भागांत सेलेनियमयुक्त जमिनी आढळल्या आहेत. कुरणाची पाहणी करताना तेथील रानवनस्पतींची नोंद ठेवण्याचे महत्त्व यावरून स्पष्ट होते. शाळांनी मोहरी व तिळवण यांची फुले शेजारी ठेवून पुंकेसर मोजण्याचा पाठ घेतल्यास निरीक्षणाची ही सवय विद्यार्थ्यांत सहज रुजेल.