एकटीलाच का आदळते स्कूटर?

प्रश्न : मी ११० सीसीच्या स्कूटरवरून रोज अंबडहून जालन्याला नोकरीसाठी जाते. एकटी असले की प्रत्येक खड्ड्यात मागचं चाक पाठीला हिसका देतं. पण आईला मागे बसवलं की तीच गाडी त्याच रस्त्यावर मऊ चालते. वजन वाढल्यावर धक्के वाढायला हवेत ना? गॅरेजवाले म्हणतात, गॅसचा शॉकअप टाका. मैत्रीण म्हणते, स्प्रिंगमध्ये रबरी बफर बसव. जालन्यात एकाने कडक स्प्रिंग वळवून देतो असं सांगितलं. बाबांचं म्हणणं, आमची चेतक अशी कधी आदळली नाही. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, अंबड

उत्तर : आधी तुमची शंका दूर करू. तुम्हाला जे जाणवतं ते अगदी बरोबर आहे, आणि त्यात गाडीचा दोष असेलच असं नाही. चूक आहे ती ‘वजन जास्त म्हणजे धक्का जास्त’ या समजुतीत.

स्कूटरचं स्वतःचं वजन शंभर-एकशेदहा किलो. त्यावर दोन माणसं आणि पिशव्या चढल्या की गाडीच्या वजनाहून जास्त ओझं होतं. लहान मोटारीचं तसं नाही. साडेसातशे किलोच्या मोटारीत चार माणसं बसली तरी भर पडते ती साधारण एक तृतीयांश. शिवाय स्कूटरवर मागे बसणाऱ्याचं जवळपास सगळं वजन मागच्या चाकावरच येतं. म्हणून कारखान्यात मागची स्प्रिंग निवडताना डबलसीटचा विचार करावाच लागतो. नाहीतर दोघं बसल्यावर ती पहिल्याच गतिरोधकावर तळाला टेकेल. दोघांसाठी निवडलेली ही स्प्रिंग एकट्या माणसाला कडक लागणारच.

स्प्रिंगवर वजन जितकं जास्त, तितका तिचा हेलकावा संथ. वरचं वजन दुप्पट झालं तर एका हेलकाव्याला सुमारे चाळीस टक्के जास्त वेळ लागतो. बसलेल्या माणसाच्या शरीराला सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी वर-खाली थरथर सगळ्यात जास्त त्रास देते. संथ हेलकावा तितका बोचत नाही. पहाटेची रिकामी एसटी शेवटच्या बाकावर हाडं खिळखिळी करते आणि तीच गाडी बाजाराच्या दिवशी खचाखच भरली की बरी चालते, त्याचं कारण हेच.

बाबांच्या चेतकचं कोडंही इथेच सुटतं. बजाजची चेतक १९७२ साली आली. तुमच्या स्कूटरसारखी तिची चाकंही १० इंचीच होती आणि इंजिनही मागच्या चाकाबरोबरच वर-खाली होत असे. हा घाट मुळात इटलीच्या व्हेस्पाचा. विमानांचे अभियंते कोर्रादिनो दास्कानिओ यांनी आखलेली ती स्कूटर १९४६ साली बाजारात आली. मग चेतक मऊ का वाटायची? आठवून पाहा : पुढे उभं पोर, हँडलला पिशवी, मागे आई आणि तिच्या मांडीवर धाकटं. चेतक एकट्याने चालवल्याची आठवण कुणाच्या घरात फारशी नसते!

आता खड्ड्यांकडे वळू. ९०/१००-१० मापाच्या टायरसकट मागच्या चाकाचा व्यास साधारण ४३ सेंटिमीटर भरतो. १८ इंची चाकाच्या मोटारसायकलचा सुमारे ६२. रस्त्यात २० सेंटिमीटर रुंदीची भेग असली, तर मोटारसायकलचं चाक तिच्यात १७ मिलिमीटर उतरेल, तुमचं २४. आकड्यांतला फरक किरकोळ दिसतो, पण लहान चाकाला समोरची कडाही जास्त उभी लागते. अशा भेगा आपल्याकडे पुष्कळ. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं डांबर तिच्याबरोबर हलतं. गतिरोधकांचं तर विचारूच नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्यावर सावकाश चढून उतरते. गावोगावी दिसतात ते दोन वीत रुंदीचे बांध. त्यांना कोणताच शॉकअप पुरा पडत नाही.

दुसरं कारण इंजिनाचं. मोटारसायकलमध्ये ते चौकटीत घट्ट बसलेलं असतं. तुमच्या स्कूटरमध्ये इंजिन, पट्ट्याचा गिअर, ब्रेक आणि चाक हा सगळा गठ्ठा एकत्र झुलतो. खड्ड्याने चाक वर फेकलं की एवढं लोखंड वर येतं आणि शॉकअपमार्फत वरच्या भागाला ढकलतं. वर दोघी असल्या तर जड गाडी जागची कमी हलते. तुम्ही एकट्या असलात की ढकलल्या जाता. ज्या विजेच्या स्कूटरांची मोटर थेट चाकातच असते, त्यांचीही हीच अडचण. हा गुण नवा शॉकअप टाकून जात नाही, हे गॅरेजवाले सहसा सांगत नाहीत.

मग करायचं काय? खिशाला हात घालण्याआधी हवा तपासा. ११० सीसीच्या बऱ्याच स्कूटरांना पुढे २२, मागे एकट्यासाठी २९ आणि डबलसीटसाठी ३६ पीएसआयच्या आसपास हवा सांगितलेली असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. पंपावरचा पोऱ्या न विचारता दोन्ही चाकांत चाळीस भरून मोकळा होतो. एवढी हवा म्हणजे पहिला धक्का झेलणारं रबरच दगड झालं. याच्या उलट, आरामासाठी हवा पंधरा-वीसवर आणणारेही भेटतात. त्यांची रिम वाकते.

त्यानंतर शॉकअपची सेटिंग. स्प्रिंगच्या एका टोकाला पायऱ्यांची कडी असते, बहुधा तीन टप्प्यांची, आणि ती हुक पान्याने फिरते. ती फिरवली की स्प्रिंग कडक किंवा मऊ होते असं सगळे समजतात. स्प्रिंग तीच राहते. बदलतं ते इतकंच, की ती आधीपासून किती दाबून ठेवली आहे. ती वरच्या टप्प्यावर असेल तर एकट्या माणसाच्या वजनाने जेमतेम दबते आणि शॉकअप पुरा ताणलेल्या अवस्थेतच चालतो. मग खड्डा आला की चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, ते हवेत लोंबतं आणि ‘टक्’ आवाज करून आपटतं. आईसाठी कधीतरी वाढवलेली सेटिंग तशीच राहिली आहे का पाहा. रोजच्या एकटीच्या प्रवासाला सगळ्यात खालचा टप्पा.

शॉकअप जिवंत आहे का, हेही घरीच कळतं. सीट दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा नाचली, किंवा दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला, तर आतलं तेल गेलं. वजन पेलते ती स्प्रिंग. तिचं नाचणं थांबवतं ते तेल. बारीक छिद्रांतून जाताना ते हेलकाव्याची ताकद खातं आणि गरम होतं. इंजिन चौकटीला जोडणारे रबरी बुशही बघायला सांगा. ते झिजले की मागचा भाग वळणावर डुलतो आणि दोष मात्र बिचाऱ्या शॉकअपच्या माथी येतो.

तेल गेलेलं असेल तर नवा शॉकअप टाकाच, आणि तेव्हा गॅसचा घ्यायला हरकत नाही. पण गॅस म्हणजे आत हवेची गादी असते, ही कल्पना काढून टाका. त्यातला नायट्रोजन तेलावर दाब ठेवतो, म्हणजे लांबच्या खराब रस्त्यावर तेल फेसाळत नाही आणि पकड ढिली पडत नाही. गाडी जास्त ताब्यात राहील. जास्त मऊ होईलच असं नाही. लांबी मूळ शॉकअपइतकीच हवी. लांब घेतला तर मागची बाजू उचलली जाते, हँडल चंचल होतं आणि मधला स्टँड नीट लागत नाही. चांगला माल दूर शोधायला नको. शॉकअप बनवणारी एन्ड्युरन्स ही मोठी कंपनी वाळूजचीच, बजाजच्या १९८५ सालच्या कारखान्याच्या शेजारची.

रबरी बफरचा सल्ला मात्र मैत्रिणीला परत करा. वेढ्यांमध्ये रबर अडकवलं की तेवढे वेढे दबायचे थांबतात आणि उरलेली स्प्रिंग आणखी कडक होते. म्हणजे तुमच्या दुखण्याच्या नेमकं उलट औषध. स्प्रिंग वळवून देणाऱ्यालाही नमस्कार. जालन्याचं लोखंड नावाजलेलं ते बांधकामाच्या सळईसाठी, आणि सळईची स्प्रिंग होत नाही. तिच्यात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास. स्प्रिंगच्या पोलादात साधारण त्याच्या दुप्पट, वर सिलिकॉन किंवा क्रोमियम, आणि पाणी देण्याची पद्धतही निराळी. शिवाय कडक स्प्रिंगला जुनं तेल आवरू शकत नाही, आणि तुम्हाला कडक स्प्रिंग नकोच आहे.

शॉकअप बदललाच, तर जुना भंगारात टाकताना तो बंद नळा आहे, एवढं भंगारवाल्याला सांगा. आपलं भंगार बहुतेक जालन्याच्या भट्ट्यांकडेच जातं, आणि तेल किंवा गॅस भरलेला बंद नळा वितळत्या लोखंडात पडला की स्फोट होतो. गॅसचा शॉकअप घरी कापू किंवा भोक पाडू नका. बदलणाऱ्या गॅरेजवाल्याकडेच सोपवलेला बरा.