कोंबडीचीं पिलें ओळखण्याविषयीं

शास्त्रवाचन : लेवीय १९:३५-३६, नीतिसूत्रें ११:१, लूक १३:३४

डालग्यांत पिलें घालून विकणारे लोक गांवोगांव फिरतात, हें तुम्हांस ठाऊक आहे. “या सर्व तलंगा आहेत, सहा महिन्यांत अंडीं देतील,” असें ते सांगतात. आणि मंडळींतील एखादी गरीब बहीण मुलाच्या शाळेच्या खर्चाची आशा धरून, प्रसंगीं उसने पैसे काढून, वीस पिलें घेते. चार महिन्यांनीं अंगणांत बहुतेक कोंबडेच आरवूं लागतात. पैशाचें नुकसान तर होतेंच; पण विकणारा आपल्याच मंडळींतला असला तर तो तंटा प्रभुभोजनाच्या मेजापर्यंत येऊन पोहोंचतो. म्हणून पिलांची जात व नर-मादी कशी ओळखावी, आणि कोठें “ओळखतां येत नाहीं” असें म्हणावें, याचा विचार आम्ही या पाठांत करणार आहों.

१. जात ओळखणें. पांढऱ्या लेगहॉर्नचें पिलूं सर्वांगीं पिवळें असतें. मोठेपणीं तिच्या कानाची पाळी पांढरी असते, व ती पांढरें अंडें देते. ऱ्होड आयलंड रेड जातीचें पिलूं तांबूस असतें. तिची पाळी तांबडी व अंडें तपकिरी. पट्ट्यांच्या प्लिमथ रॉकचें पिलूं काळें, पण डोक्यावर पांढुरका ठिपका. काळ्या ऑस्ट्रेलॉर्पची पाठ काळी आणि पोट पांढुरकें. झाबुआकडील कडकनाथ, ज्यास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचें पिलूं निळसर ते काळ्या छटेचें असून पाठीवर गडद वेडेवांकडे पट्टे असतात. उघड्या मानेच्या जातीची मान अंड्यांतून निघतांच उघडी दिसते.

परंतु रंग हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. मांसासाठीं वाढविलेल्या पांढऱ्या जातींचीं पिलेंही पिवळींच असतात. आणि प्रत्येक काळें पिलूं कडकनाथ नसतें. खरी खूण आईबाप होत. आईबाप पाहिले नसतील तर “गांवठी” म्हणावें. त्यांत कमीपणा नाहीं. चांगली जात खेड्यांत नेण्याचें काम आमच्या लोकांस नवें नाहीं. १९२० च्या दशकांत दक्षिणेंतील मार्तंडम येथें डॉ. स्पेन्सर हॅच यांनीं ख्रिस्ती तरुण संघाच्या ग्रामसुधार केंद्रांतून पांढरी लेगहॉर्न शेतकऱ्यांच्या घरीं पोहोंचविली होती.

२. पहिल्या दिवशीं नर-मादी ओळखणें. याच्या तीन खऱ्या रीति आहेत.

पहिली, गुदद्वार उघडून आंतील बारीक उंचवटा पाहणें. जपानांत मासुई व हाशिमोटो यांनीं ही रीत शोधिली, आणि १९३३ सालीं त्यांचें पुस्तक इंग्रजींत निघालें. हिला पुष्कळ शिक्षण व सराव लागतो. अडाणी हातानें दाबल्यास पिलूं मरतें. म्हणून घरीं हा प्रयोग करूं नये.

दुसरी, रंगावरून. कोंबडी आपले कांहीं गुण फक्त मुलग्यांस देते, मुलींस देत नाहीं. कोंबडा मात्र आपले गुण दोघांसही देतो. म्हणून ऱ्होड आयलंड रेड कोंबडा व पट्ट्यांची प्लिमथ रॉक कोंबडी यांचा जोड लाविला तर नरांच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो, आणि मादीचें डोकें सबंध काळें राहतें. पहिल्या महायुद्धाच्या काळीं केंब्रिजचे प्राध्यापक पनेट यांनीं सुचविलें कीं, अशा जोडांतील नर पहिल्याच दिवशीं निराळे काढल्यास दाण्याची बचत होईल. पण ध्यानांत ठेवा : जोड उलटा केला तर ही खूण मिळत नाहीं, आणि या पिलांच्या पिलांवरही विश्वास ठेवतां येत नाहीं.

तिसरी, पंखांवरून. विशिष्ट जोडांत मादीचीं पंखाचीं मुख्य पिसें वरच्या झांकणाऱ्या पिसांहून लांब असतात. नराचीं सारखीं किंवा आंखूड असतात. गांवठी पिलांस ही खूण लागू नाहीं.

३. वाढत्या पिलांत. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास नराचा तुरा व चोंचीखालचें लोंबतें मांस लवकर वाढून लाल होतें, आणि पाय जाड दिसतात. तीन महिन्यांच्या पुढें नराच्या मानेवर व कमरेवर लांब, टोंकदार, चकचकीत पिसें येतात. तलंगेचीं पिसें गोल टोंकाचीं राहतात. गांवठी पिलांविषयीं हीच खात्रीची वेळ.

४. खोट्या समजुती. टोंकदार अंड्यांतून नर निघतो, दोऱ्याला टांगलेली सुई अंड्यावर धरली म्हणजे ती सांगते, पिलूं पायांनीं उलटें धरल्यास कळतें—यांत कांहीं तथ्य नाहीं. नर कीं मादी हें अंडें घालण्यापूर्वींच ठरलेलें असतें. टांगलेल्या सुईस विचारणें हा तर शकुनाचाच प्रकार आहे, आणि तो आपण सोडिला आहे.

५. व्यवहार. न निवडलेल्या पिलांत सुमारें अर्धे नर निघतात. म्हणून वीस पिलें घेणाऱ्यानें दहा कोंबड्यांचाच हिशेब धरावा; कांहीं मरतील, तीं त्यांतून वजा करावीं. अंड्यांच्या जातींचे उबवणी कारखाने नर वेगळे काढतात, आणि ते स्वस्तांत बाजारांत येतात. जत्रेंतील रंगविलेलीं पिलें बहुधा तींच होत. अति स्वस्त “तलंगा” दिसल्या तर सावध व्हावें. विकणाऱ्यानें “निवडलेलीं नाहींत” असें स्पष्ट सांगून तसाच भाव घ्यावा. घरच्या रवणीची तारीख व आईबाप वहींत लिहून ठेवावेत. आपण ज्यास ठाऊक नाहीं तें ठाऊक आहे असें सांगून पैसे घेणें, हें खोटें मापच होय. तागडी लांकडाची असो कीं जिभेची.

आणि नर निघाला म्हणून तो टाकाऊ नव्हे. तो वाढवून विकावा, व दहा कोंबड्यांमागें एक चांगला राखावा. प्रभूनें आपली प्रीति कोंबडीच्या पंखांनीं दाखविली. ती पिलांस पंखांखालीं घेतांना त्यांची निवड करीत नाहीं. निवड करण्याचें काम आपलें आहे. तें आपण खरेपणानें करावें.

उपदेशकांनीं विचारावयाचे प्रश्न :
(१) पिलाच्या रंगावरून जात निश्चित कां ठरत नाहीं?
(२) कोणत्या जोडांत डोक्यावरील ठिपका नर दाखवितो? जोड उलटा केल्यास काय होतें?
(३) वीस पिलें घेतल्यास किती कोंबड्यांचा हिशेब धरावा?
(४) आपल्या मंडळींत पिलांची विक्री लेवीय १९:३५-३६ प्रमाणें होते काय?