लखनौ–मुंबई : हवाई अंतर आणि प्रवासकाळ
लखनौचा चौधरी चरणसिंह विमानतळ आणि मुंबईचा विमानतळ यांमधील बृहद्वृत्तावरील, म्हणजे लघुतम, अंतर सुमारे १,१८५ किलोमीटर आहे. मात्र जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागत नाही. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमी जेट प्रवाह वाहतो. लखनौकडे येणाऱ्या विमानास तो साहाय्यक ठरतो, तर नैर्ऋत्येस मुंबईकडे निघालेल्यास विरोध करतो. विमानाचा हवेतील वेग ताशी ८०० किलोमीटर व वाऱ्याचा मार्गावरील घटक १०० मानल्यास येताना ७९, तर जाताना सुमारे १०२ मिनिटे लागतील. चढताना-उतरताना मंदावणारा वेग यात धरलेला नाही. शिवाय गंगेच्या मैदानातील दाट धुके! जानेवारीच्या पहाटे दृश्यमानता घटली की विमान तळावरच खोळंबते किंवा अन्यत्र वळविले जाते.